उताराचा बाजार

पिसाक हे पेरूच्या डोंगराळ दक्षिण भागातले एक लहान बाजारगाव आहे. कुस्को शहरापासून ते सुमारे ३३ किलोमीटरवर, उरुबांबा नदीच्या काठी वसले आहे. कुस्को समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि पिसाक त्याच्या चारशे मीटर खाली. त्यामुळे अँडीजसारख्या उत्तुंग पर्वतात असूनही या गावाकडे माणूस उतरत येतो. कुस्कोबाहेर पडलेला रस्ता साक्सायवामानच्या अजस्र शिळांजवळून जातो, केन्को आणि पुका पुकारा ही इंकांची ठिकाणे मागे टाकतो, आणि मग एका वळणावर खोरे अचानक समोर येते. तळाशी नदी, दोन्ही काठांना मक्याची शेते, कौलारू घरांचा पुंजका, आणि त्या घरांच्या थेट माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढलेला डोंगर. त्याच डोंगरावर इंकांच्या पिसाकचे अवशेष आहेत.

प्रवासी इथे दोन गोष्टींसाठी येतात, वरचे अवशेष आणि खालचा बाजार. सहलींच्या वेळापत्रकात दोन्ही एकाच दिवशी, बहुधा एकाच दुपारी उरकले जातात. त्यामुळे हा बाजार इंकांच्या काळापासून असाच भरत आला असावा, अशी पाहणाऱ्याची सहज समजूत होते. प्रत्यक्षातला इतिहास उलटा आहे. ज्यांनी वरचा डोंगर बांधला त्यांच्या राज्यात बाजारपेठेला फारसे स्थान नव्हते. आणि ज्यांनी खालचे गाव वसवले त्यांनी वरच्या वस्त्या उठवल्या. या दोघांना जोडणारा धागा राज्यांच्या इतिहासात सापडत नाही. तो उतारात आहे. काही हजार मीटरच्या चढउतारात जिथे चार वेगळी हवामाने आणि चार वेगळी पिके असतात, तिथे वरच्याला खालच्याची आणि खालच्याला वरच्याची गरज पडतेच.

अवशेष पाहण्याची सोपी रीत म्हणजे गाडीने वरच्या दरवाजापर्यंत जाऊन पायी गावात उतरणे. या वाटेने गेले की डोंगराचे वेगवेगळे भाग क्रमाने समोर येतात. प्रथम दिसतात त्या ताली. डोंगराच्या कुशीला वळसे घालत गेलेल्या या शेतपट्ट्या दुरून शोभेच्या वाटतात, पण त्यांची रचना पूर्णपणे कामाची आहे. दगडी भिंत किंचित आतल्या बाजूला झुकवलेली असते, म्हणजे मागच्या मातीचा रेटा ती सोसते. भिंतीमागे तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, आणि सगळ्यात वर कसदार माती असे थर असतात. पावसाचे पाणी या थरांतून झिरपून खाली जाते. ते साचून भिंत फुटत नाही आणि उतारावरून वाहून माती धुऊनही नेत नाही. दिवसा उन्हाने तापलेले दगड रात्री ऊब सोडतात, त्यामुळे कोवळ्या पिकाला दहिवराचा चटका कमी बसतो. एका तालीवरून दुसरीवर जाण्यासाठी भिंतीतूनच बाहेर काढलेले दगडी टप्पे आहेत. त्यांनी शेताची वीतभरही जागा अडत नाही. खालच्या भागातल्या काही ताली आजही कसल्या जातात.

हे काम डोंगरापुरते थांबले नव्हते. खोऱ्याच्या तळाशी नदी पूर्वी वळणे घेत वाहत असे आणि पुरात पात्र बदलत असे. इंकांनी पिसाकजवळ सुमारे तीन किलोमीटर लांबीचे पात्र दोन्ही बाजूंनी दगडी भिंती घालून सरळ केले आणि काठची सपाट जमीन मक्यासाठी मोकळी केली. मका हे इंकांच्या दृष्टीने मानाचे पीक होते. देवाला वाहायची आणि कामकऱ्यांना पाजायची चिचा नावाची आंबूस बीर त्यापासून होते. आजही कुस्कोच्या याच खोऱ्यातला टपोऱ्या पांढऱ्या दाण्याचा मका प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये त्याला मूळस्थानदर्शक नाममुद्रा मिळाली.

हा डोंगर कोणी बांधला याचे उत्तर बहुतेक अभ्यासक पाचाकुती या सम्राटाकडे नेतात. १४३८च्या सुमारास सत्तेवर आलेल्या या राजाने कुस्कोच्या छोट्या राज्याचे साम्राज्य केले. पिसाक, ओयांतायतांबो आणि माचू पिचू ही त्याची खासगी जहागीर मानली जाते. पिसाकच्या परिसरात त्याआधी कुयो नावाच्या लोकांची वस्ती होती. सार्मिएन्तो दे गांबोआ या स्पॅनिश बखरकाराने १५७२ मध्ये लिहून ठेवलेली हकिकत अशी : कुयोंच्या मुलखातल्या एका उत्सवात कोणी कुंभाराने राजाच्या डोक्यावर सुरई फेकून मारली, छळ करून त्याच्याकडून कबुली घेण्यात आली आणि त्या एका घटनेवरून कुयोंचा संहार झाला. ही बखर स्पॅनिश व्हाइसरॉयच्या सांगण्यावरून लिहिली गेली होती आणि इंका हे जुलमी, उपरे राज्यकर्ते होते हे सिद्ध करणे हा तिचा हेतू होता. त्यामुळे तिच्यातला तपशील जपूनच घ्यावा लागतो. तरीही पिसाकच्या वर आज कुयो ग्रांदे आणि कुयो चिको नावाची गावे आहेत.

तालींच्या वर कड्याच्या टोकाटोकांवर वेगवेगळ्या वस्त्यांचे अवशेष आहेत : कुठे पहारेकऱ्यांचे बुरूज, कुठे राहती घरे, कुठे धान्याची कोठारे. ही कोठारे म्हणजे कोल्का, आणि इंका राज्य समजून घ्यायचे तर राजवाड्यांआधी त्यांच्याकडे पाहावे लागते. या राज्यात नाणे नव्हते. रयतेकडून कर घेतला जाई तो श्रमाचा. पाळीपाळीने येऊन शेत कसणे, भिंती रचणे, कापड विणणे, लढाईवर जाणे. पिकलेले धान्य, वाळवलेले बटाटे आणि विणलेले कापड वाऱ्याच्या जागी बांधलेल्या कोल्कांमध्ये जाई. तिथून ते सैन्याला, कामकऱ्यांना आणि दुष्काळाच्या वर्षी रयतेला वाटले जाई. देणे आणि घेणे दोन्ही राज्याच्या हातून होत असल्याने व्यापारी, पेठ आणि भाव यांची गरज कमी पडे. गावकऱ्यांची आपसातली अदलाबदल चालूच असणार, पण तिच्यावर राज्याचा डोलारा उभा नव्हता.

वाटेत डोंगराच्या पोटातून खोदलेला अरुंद बोगदा लागतो आणि पलीकडे इंतिवाताना हा भाग येतो. पिसाकमधले सर्वांत देखणे बांधकाम इथे आहे. दगड इतके नेटके घडवलेले की त्यांच्या सांध्यात चुना नाही आणि चुन्याला जागाही नाही. मधोमध डोंगराचाच एक खडक न हलवता तसाच ठेवून त्याभोवती वळणदार भिंत उभारली आहे. सूर्याच्या उपासनेशी आणि ऋतूंच्या गणनेशी या जागेचा संबंध जोडला जातो. शेजारी पाटांनी आणलेले पाणी दगडी कुंडांत पडते. अमेरिकन मुत्सद्दी आणि पुरातत्त्व अभ्यासक एफ्रेम जॉर्ज स्क्वायर याने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पेरूवरील ग्रंथात या खडकाचे वर्णन केले. हायरम बिंगमने माचू पिचू जगापुढे आणले त्याच्या कितीतरी आधी पिसाकची नोंद अशी झाली होती.

दरीपलीकडच्या कड्यावर शेकडो काळी भोके दिसतात. ती थडगी आहेत. मृताला गुडघे पोटाशी घेऊन बसवायचे, कापडात गुंडाळायचे आणि कड्यातल्या पोकळीत ठेवून तोंड बुजवायचे अशी रीत होती. इंका काळातल्या मोठ्या दफनभूमींपैकी ही एक आहे. जवळजवळ सगळी थडगी सोन्याच्या आशेने फोडली गेली, म्हणूनच ती भोकांसारखी दिसतात.

इंतिवातानापासून गावापर्यंतची वाट म्हणजे शेकडो दगडी पायऱ्यांची उतरण. गुडघ्यांची कसोटी पाहणारी ही वाट संपते ती काटकोनात आखलेल्या गल्ल्यांमध्ये, आणि इथेच एक जग संपून दुसरे सुरू झाल्याचे कळते. वरच्या वस्त्या डोंगराच्या वळणाने वळल्या होत्या. खालचे गाव ओळंबा आणि दोरी लावून आखलेले आहे. स्पॅनिशांनी इंकांचे राज्य जिंकल्यावर १५६९ मध्ये पेरूचा व्हाइसरॉय म्हणून आलेल्या फ्रान्सिस्को दे तोलेदोने डोंगरांत विखुरलेल्या मूळ रहिवाशांना उठवून आखीव गावांत बसवण्याचा सपाटा लावला. या सक्तीच्या स्थलांतरात दहा लाखांहून अधिक माणसे हलवली गेली. मध्ये चौक, चौकाला लागून चर्च, भोवती काटकोनी रस्ते असा प्रत्येक गावाचा एकच नकाशा होता. माणसे एका जागी आली की मोजता येतात, करवसुली करता येते, खाणीत धाडता येतात आणि त्यांचे धर्मांतर करता येते, हा त्यामागचा हिशेब. आजचे पिसाक हे त्या योजनेचे अपत्य आहे.

बाजाराचा जन्मही तिथलाच. रविवारच्या प्रार्थनेसाठी डोंगरातली माणसे सक्तीने गावात आणली जाऊ लागली, आणि आली की बरोबर चार बटाटे, थोडी लोकर, एखादे मडके असे काहीबाही आणू लागली. शिवाय कर आता रोख पैशात द्यायचा होता, म्हणजे काहीतरी विकणे भागच होते. चर्चची घंटा आणि डोईपट्टी या दोन गोष्टींनी रविवारच्या बाजाराला आकार दिला.

बाजार आला तशी जकातही आली. १७७६ मध्ये स्पॅनिश सरकारने मालाच्या विक्रीवरील कर ४ टक्क्यांवरून ६ टक्के केला आणि वसुलीसाठी नवे नाके बसवले. कुस्कोमध्ये याविरुद्ध चांदीच्या कारागिरांनी पुढाकार घेऊन कट केला. त्यात पिसाकचा तरुण कुराका, म्हणजे तिथला वतनदार प्रमुख, बेर्नार्दो तांबोवाक्सो सामील झाला. कट फुटला. १७८०च्या नोव्हेंबरात तांबोवाक्सोला कुस्कोमध्ये फाशी देण्यात आली. त्याच महिन्यात स्पॅनिश सत्तेविरुद्ध तुपाक अमारूच्या मोठ्या उठावाला सुरुवात झाली होती. बाजारावरच्या कराने पेटलेला असंतोष साम्राज्याच्या मुळावर आला, याचा एक साक्षीदार हे गाव आहे.

स्पॅनिश सत्ता गेली तरी डोंगरातल्या माणसाची स्थिती फार पालटली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुस्कोच्या परिसरातल्या बाजारगावांत स्पॅनिश बोलणारे मेस्तिसो, म्हणजे मिश्रवंशीय, दुकानदार आणि अधिकारी वरचढ होते. बाजाराला येणाऱ्या क्वेचुआ बोलणाऱ्या शेतकऱ्याला गावाच्या वेशीवरच गाठायचे, त्याच्या खांद्यावरचे गाठोडे ओढून घ्यायचे आणि मनाला येईल तो भाव हातावर टेकवायचा, ही सर्रास चाल होती. वेठबिगारही चाले. २४ जून १९६९ रोजी जनरल वेलास्को यांच्या सरकारने जमीनसुधारणेचा कायदा केला आणि मोठ्या जमीनदाऱ्या मोडल्या. १९७५ मध्ये क्वेचुआला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. डोंगरातली बाई आज बाजारात स्वतःचा भाव स्वतः सांगते, ही इंकांकडून आलेली परंपरा नाही. ती अलीकडे मिळवलेली गोष्ट आहे.

हल्ली रविवारी पिसाकमध्ये खरे तर दोन बाजार भरतात. एक प्रवाशांसाठीचा, जो आता आठवडाभर चालू असतो. दुसरा खोऱ्यातल्या लोकांचा, जो सकाळी लवकर भरतो आणि उन्हे चढली की ओसरू लागतो. जमिनीवर पसरलेल्या रंगीत कापडांवर बटाट्यांचे, मक्याच्या कणसांचे, गाजरांचे, हिरव्या वाटाण्यांचे आणि औषधी पाल्याचे ढीग असतात. मागे बसलेल्या बाईच्या टोपीवरून आणि खांद्यावरच्या शालीच्या विणीवरून ती कोणत्या गावची हे जाणकाराला ओळखता येते. विकणारी आणि घेणारी एकमेकींना ‘कासेरा’ किंवा लाडाने ‘कासेरिता’ म्हणतात, म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक आणि नेहमीची विकणारी या दोघींनाही एकच संबोधन. घासाघीस होते, पण खरी गोडी मापानंतरच्या याप्यात असते. ठरलेल्या मापावर विकणारीने मूठभर माल वर घालायचा आणि नाते पक्के करायचे. गल्ल्यांतल्या मातीच्या भट्ट्यांत पाव आणि सारण भरलेल्या करंज्यांसारख्या एम्पानादा भाजल्या जातात. ज्या घराबाहेर काठीला लाल प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असेल, तिथे त्या दिवशी ताजी चिचा आहे असे समजावे.

काही रविवारी डोंगरातल्या गावांचे प्रमुख चर्चमधल्या क्वेचुआ प्रार्थनेला येतात. चांदीने मढवलेला दंड हे त्यांच्या अधिकाराचे चिन्ह. त्यांच्या येण्याची वर्दी शंख फुंकून दिली जाते. तिथल्या भाषेत त्याला पुतुतू म्हणतात. समुद्रापासून एवढ्या दूर, तीन हजार मीटरवर शंख कसा पोचला याचे उत्तरही देवघेवीतच आहे. किनाऱ्यावरचे शंखशिंपले इंकांच्या आधीपासून अँडीजमध्ये चढत आले आहेत.

पैशाशिवायची अदलाबदलही पूर्णपणे मिटलेली नाही. चार हजार मीटरवरच्या माळावरून लामा-अल्पाकांची लोकर आणि सुके मांस येते, त्याखालच्या पट्ट्यातून बटाटे, खोऱ्यातून मका आणि भाजी, आणि पूर्वेच्या उष्ण उतारांवरून कोका, फळे व मिरची. मानवशास्त्रज्ञ जॉन मुरा यांनी १९७२ मध्ये या रचनेचा सिद्धांत मांडला : अँडीजमधले समाज एका सपाटीवर पसरण्याऐवजी उंचीच्या अनेक पट्ट्यांवर हातपाय पसरून जगत आले, कारण कोणताही एक पट्टा पुरेसा नव्हता. इंकांनी ही गरज राज्याच्या हाती घेतली, स्पॅनिशांनी ती चौकात आणली. गरज मात्र दोघांच्याही आधीची आहे.

या बाजाराचा आत्मा बटाट्यात आहे. पिसाकच्या वरच्या काही क्वेचुआ गावांनी मिळून ‘बटाट्याचे उद्यान’ या नावाने आपली सामाईक जमीन राखली आहे आणि तिथे हजाराहून अधिक वाण लावले जातात. लिमा इथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी या गावांनी २००४ मध्ये करार केला. त्यानुसार केंद्राने पूर्वी या भागातून नेलेले चारशेहून अधिक वाण शेतकऱ्यांना परत केले. जांभळे, काळपट, पिवळे, केळ्यासारखे लांब, गाठीगाठींचे असे हे बटाटे. त्यातल्या एका वाकड्यातिकड्या वाणाचे नाव ‘सुनेला रडवणारा’ असे आहे. नव्या सुनेने त्याची साल न तुटता काढून दाखवावी अशी अपेक्षा असे. उरलेल्या पिकाचा चुन्यो करतात. कडाक्याच्या थंडीत रात्री बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. असा बटाटा वर्षानुवर्षे टिकतो. इंकांच्या कोठारांत हाच भरलेला असे. तापमान वाढू लागल्यापासून मात्र या गावांना बटाट्याची लागवड अधिकाधिक उंचावर न्यावी लागते आहे, आणि डोंगराला शेवटी माथा असतो.

मराठी घराला हा ढीग परका वाटण्याचे कारण नाही. उपवासाच्या ताटातला बटाटा अँडीजचा. शेंगदाण्याचे मूळ त्याच पर्वताच्या पायथ्याकडचे. राजगिरा अमेरिका खंडातून आलेला, आणि पिसाकच्या बाजारात किविचा नावाने विकला जाणारा दाणा त्याचाच सख्खा भाऊबंद. रताळे आणि साबुदाण्याचा कंदही तिकडचेच. पोर्तुगीज जहाजांबरोबर ही पिके सोळाव्या शतकापासून भारताच्या किनाऱ्याला लागली. धर्माने वर्ज्य ठरवलेल्या धान्यांच्या यादीत ती नव्हती, कारण यादी झाली तेव्हा ती इथे नव्हतीच. म्हणून ती उपवासाला चालली. एकादशीच्या पवित्र फराळाचा मोठा भाग अमेरिका खंडातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे निवडून, जोपासून तयार केलेला आहे.

प्रवाशांच्या बाजाराची गोष्ट वेगळी. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर विणलेली शाल पुरी व्हायला कित्येक आठवडे लागतात. तिचा लाल रंग फड्या निवडुंगावर पोसलेल्या कोचिनील किड्यांपासून काढतात. लिंबाचा रस किंवा मीठ मिसळून त्याच रंगाच्या अनेक छटा करतात. चावायतिरेसारख्या वरच्या गावांतल्या विणकर बायका हे काम टिकवून आहेत. पण चौकाभोवतीच्या बहुतेक दुकानांतली शाल कारखान्यातली, अॅक्रिलिक धाग्याची असते आणि ‘कोवळ्या अल्पाकाची’ म्हणून खपते. अलीकडच्या काळात आत्मिक शांती शोधणारे परदेशी इथे राहू लागले आणि आयावास्का पिण्याच्या विधींच्या पाट्या लागल्या. हे पेय अॅमेझॉनच्या जंगलातले आहे. या डोंगरांची ती रीत नव्हे. जागांचे भाव चढले आणि गावकऱ्यांचे एकमेकांवर अवलंबून असलेले गणित बिघडले. तरी प्रवाशांचा पैसा नाकारणे सोपे नाही, कारण त्यावर मुलांची शाळा आणि घराचे छप्पर चालते.

तो पैसा किती बेभरवशाचा आहे हे दोनदा दिसले. २०१०च्या जानेवारीत उरुबांबाला मोठा पूर आला, शेते बुडाली आणि पिसाकचा पूल कोसळला. २०२० मध्ये महामारीने माचू पिचूचे दरवाजे अनेक महिने बंद केले आणि प्रवाशांचा बाजार एका रात्रीत थंडावला. त्या वर्षी बटाटा-उद्यानाच्या गावांनी आपल्या पिकातला वाटा कुस्कोमधल्या अडलेल्या माणसांसाठी पाठवला. दुकानांना फळ्या लागल्या तेव्हा डोंगर आणि खोरे यांची जुनी देवघेव उपयोगी पडली.

पिसाकला जायचे तर रविवार निवडावा आणि सकाळी लवकर आधी गावकऱ्यांच्या बाजारात जावे, मग वर डोंगराकडे वळावे. शाल घ्यायची असेल तर विणणारीच्या हातून घ्यावी आणि तिच्या आठवड्यांची किंमत घासू नये. अवशेषांसमोर जितका वेळ द्यावा तितकाच बटाट्यांच्या ढिगासमोर द्यावा. पाचाकुतीने उभारलेले साम्राज्य १५३३ मध्ये कुस्को पडले तेव्हा शंभर वर्षांचेही नव्हते, स्पॅनिश सत्ता तीनशे वर्षांत गेली. उतारावरची ही देवघेव त्या दोन्हींपेक्षा जुनी आहे आणि दर रविवारी चालू आहे.